पुंगळीवरचा डाग

लष्कराची यंत्रे व हत्यारे दुरुस्त ठेवणाऱ्या ईएमई कोअरमध्ये मी आर्मोरर, म्हणजे हत्यारांचा कारागीर, म्हणून सेवा केली आणि निवृत्तीनंतर कोल्हापुरात नेमबाजांच्या पिस्तुलांची व रायफलींची देखभाल करू लागलो. सेवेतली बहुतेक वर्षे माझ्या हाताखालून इशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनलेले ९ एमएम पिस्तूल गेले. ब्राउनिंगच्या रचनेवरचे, १३ काडतुसांच्या मॅगझिनचे ते हत्यार चिखलात पडले, वाळूत लोळले तरी चालावे अशा बेताने घडवलेले असते, आणि म्हणूनच त्याच्या भागांमध्ये थोडी मोकळीक मुद्दाम ठेवलेली असते. खेळाच्या पिस्तुलात अशी मोकळीक नसते. एका जुलै महिन्यात एका नव्या पिस्तुलाने मला हा फरक पुन्हा एकदा हातात घेऊन पाहायला लावला.

बावीस वर्षांची एक नेमबाज मुलगी वडिलांसह माझ्याकडे आली. तिची स्पर्धा २५ मीटर पिस्तुलाची. राही सरनोबतने २०१८ साली जकार्ता-पालेंबांगच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत याच प्रकारात सुवर्णपदक मिळवल्यापासून आमच्या भागातल्या अनेक मुलींच्या डोळ्यांसमोर तेच एक स्वप्न आहे, आणि ही मुलगीही त्यांतलीच. चार महिन्यांपूर्वी तिने .२२ बोअरचे नवे परदेशी पिस्तूल घेतले होते. त्याची अक्रोडाच्या लाकडाची ग्रिप तिच्या पंजाच्या मापाने कोरून घेतली होती, रियर साइटची, म्हणजे मागच्या निशाणीची, खाच तिच्या नजरेला बेतून बसवली होती आणि तोलासाठी पुढे वेगळे वजन लावले होते. म्हणजे ते पिस्तूल दुसऱ्या कोणाच्या हातात नीट बसलेच नसते. वडील शिरोली एमआयडीसीत लेथवर काम करणारे कसलेले टर्नर. या पिस्तुलासाठी त्यांनी किती वर्षे पैसे साठवले असतील, हे त्यांनी पेटी टेबलावर ज्या हाताने ठेवली त्यावरूनच मला कळले.

तक्रार अशी होती की स्पर्धेच्या पहिल्या टप्प्यातल्या, अचूकतेच्या ३० गोळ्या बिनबोभाट जातात. मात्र दुसऱ्या टप्प्यातल्या वेगाच्या ३० गोळ्यांत, जिथे लक्ष्य ३ सेकंद समोर येते आणि ७ सेकंद बाजूला वळलेले असते, तिथे पाच-पाच गोळ्यांच्या प्रत्येक दोन-तीन मालिकांमागे एखादी गोळी उडतच नाही. ट्रिगर दाबला जातो, बारीक ‘टक्’ ऐकू येते आणि पुढे काही होत नाही. निवड चाचणी तीन दिवसांवर होती. “काका, काडतुसांचा ब्रँड बदलून पाहिला, मॅगझिनही बदललं, तरी तसंच,” ती म्हणाली. तिच्या आवाजात रडू नव्हते, पण फार दूरही नव्हते.

परवानाधारक स्वतः समोर असल्याशिवाय मी हत्याराला हात लावत नाही. परवाना पाहिला, मॅगझिन काढले, बोल्ट, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता भाग, मागे ओढून काडतूस बसते ते चेंबर डोळ्यांनी पाहिले आणि करंगळीचे टोक लावूनही पाहिले. हे सगळे ती घरून करून आली होती, हत्यार रिकामे असल्याची खूण असलेला नारिंगी सेफ्टी फ्लॅगही नळीत होता. तरीही मी ते नव्याने केले, कारण दुसऱ्याने रिकामे केलेले हत्यार हे माझ्या लेखी भरलेलेच असते.

लगेच पिस्तूल खोलायला घेणे ही नवख्या आर्मोररची सवय. माझ्या उस्तादांनी मला आधी पुंगळी, म्हणजे काडतुसाचे धातूचे कवच, वाचायला शिकवले होते. न उडालेली दोन काडतुसे तिने वेगळ्या डबीत जपून आणली होती, हे तिने फार शहाणपणाचे केले. .२२ च्या काडतुसाला मध्यभागी कॅप नसते. पेटणारे मिश्रण तळाच्या कडेच्या आत फिरवून बसवलेले असते आणि फायरिंग पिनने ती कड जोराने चेपली तरच ते पेटते. मी भिंग लावून उडालेल्या पुंगळ्या आणि ती दोन काडतुसे शेजारी शेजारी धरली. उडालेल्या पुंगळ्यांवर आयताकृती, तळाशी सपाट, खोल खूण होती. न उडालेल्या काडतुसांवर त्याच जागी नुसता पुसटसा डाग होता, जणू कोणी नख टेकवून उचलले असावे. म्हणजे काडतूस निर्दोष होते, मॅगझिनही निर्दोष होते. पिन वेळेवर पोहोचत होती, पण दमून पोहोचत होती.

बाकावर मी धुतलेल्या जुन्या धोतराचा पांढरा तुकडा पसरतो. पांढऱ्यावर बारीक पिन दिसते आणि कापडावरून ती घरंगळत नाही. प्रत्येक भाग निघेल त्या क्रमाने डावीकडून उजवीकडे ठेवत गेलो, म्हणजे जोडताना उलट दिशेने हात चालवला की झाले. आधी ग्रिप उतरवली, कारण तेल आणि सॉल्व्हंट लाकडात मुरले की कोरलेले माप बिघडते. मग वरचा भाग सोडवला, रिकॉइल स्प्रिंग काढली आणि बोल्ट बाहेर घेतला. फायरिंग पिन ज्या आडव्या खिळीने अडकवलेली असते ती खिळी पितळी पंचने, आलेल्या बाजूनेच, हलकेच ठोकून काढली. हे काम मी पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन्ही हात घालून करतो. फायरिंग पिनची स्प्रिंग सुटली तर पिशवीतच राहते, खोलीभर गुडघ्यांवर शोधत फिरावे लागत नाही.

पिन आपोआप बाहेर पडायला हवी होती. ती पडली नाही. बोल्ट उभा धरला, तळहातावर आपटला, तेव्हा कुठे ती सरकत सरकत आली आणि तिच्याभोवती काळपट, चिकट, जवळजवळ काकवीसारखा थर होता. पिनच्या बिळात कापसाची काडी फिरवली तर ती पहिल्याच फेऱ्यात काळी झाली. ट्रिगरच्या यंत्रणेतही तोच लगदा होता.

मी वडिलांना विचारले, तेल कोण घालते? ते अभिमानाने म्हणाले, “मीच घालतोय की साहेब, रोज रात्री न चुकता. पावसाळा हाय, गंज चढंल. आन् मशीनला तेल कमी पडलं की मशीन बसतं, एवढं आम्हाला कळतंय.” त्या माणसाने तीस वर्षे लेथ सांभाळला होता आणि लेथच्या बाबतीत त्याचे म्हणणे खरेच होते. लेथवर तेल वाहते आणि जाताना कीस घेऊन जाते. पिस्तुलातले तेल मात्र कुठेच जात नाही. .२२ ची गोळी उघड्या शिशाची असते, तिच्यावर मेणाचा लेप असतो, आणि प्रत्येक गोळीबरोबर थोडे मेण, थोडे शिसे आणि दारूची राख मागे उडते. जास्तीचे तेल ती राख धरून ठेवते. चार महिन्यांत रोज रात्री मुरलेल्या तेलाने पिनच्या बिळात लगदा केला आणि पिनचा वेग खाल्ला. अचूकतेच्या मालिकेत तो दोष का दिसला नाही, याचे नेमके उत्तर मी देणार नाही. दर दहा सेकंदांनी चालणाऱ्या बोल्टबरोबर तो लगदा पुढे-मागे ढकलला जात असावा, असा माझा अंदाज आहे.

हे सगळे मी त्यांना बोल्ट हातात देऊन दाखवले. ते बराच वेळ त्या काडीवरच्या काळ्याकडे पाहत राहिले. मी त्यांना दोष दिला नाही. पावसाळ्याची त्यांची धास्ती खरी होती. फक्त गंजाचे मूळ तेलाच्या कमतरतेत नव्हते, ते फोमच्या पेटीत होते. आमच्याकडे जुलैत फोम हवेतला ओलावा शोषतो आणि पिस्तुलाला रात्रभर चिकटवून ठेवतो.

सॉल्व्हंटने सगळे भाग धुतले, वाळवले. नळी चेंबरच्या बाजूने, नमद्याच्या गोळ्यांनी, तोंडाकडची कड न दुखावता साफ केली. पिन आणि तिचे बीळ पूर्ण कोरडे ठेवले. बोल्टच्या दोन्ही सरकत्या पट्ट्यांवर सुईच्या टोकाने एकेक थेंब तेल दिले आणि बोटाने पसरवले. पिस्तूल जोडले. पिन आता बोल्ट नुसता कलंडला तरी आत खुळखुळत होती.

काम संपले असे वाटले, आणि खरा धोका तिथेच होता. या प्रकारात ट्रिगरचे वजन किमान १००० ग्रॅम असावे लागते. सवयीप्रमाणे मी नळी उभी धरून ट्रिगरला तेवढेच वजन अडकवले आणि उचलले. पिनवर आदळणारा हॅमर जागीच राहायला हवा होता. तो सुटला. पुन्हा उचलले, पुन्हा सुटला. मी मुलीकडे पाहिले. ती म्हणाली, तीन आठवड्यांपूर्वी ट्रिगर जड लागत होता, म्हणून तिने स्क्रू अर्धा फेरा सैल केला होता आणि तेव्हा वजन व्यवस्थित उचलले गेले होते. तिचे काहीच चुकले नव्हते. तिने लगद्याचा जडपणा स्क्रूने भरून काढला होता आणि मी लगदा काढून टाकला होता. मी त्याच अवस्थेत पिस्तूल परत दिले असते, तर सगळ्या गोळ्या उडाल्या असत्या आणि स्पर्धेनंतरच्या तपासणीत ती बाद ठरली असती. तीन दिवसांनी, माझ्या हातून. त्या विचाराने माझे तळहात ओले झाले.

स्क्रू थोडा थोडा आवळत मी १०३० ग्रॅमवर आणला. मग एकूण वजन १४०० ग्रॅमच्या आत आहे हे पाहिले, आणि ग्रिप पावसाने फुगली नसल्याची खात्री करायला पिस्तूल ३०० बाय १५० बाय ५० मिलिमीटरच्या मापपेटीत घालून काढले. ते अलगद गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेंजवर तिने ६० गोळ्या झाडल्या, त्यांतल्या ३० वेगाच्या. मी बाजूला उभा राहून प्रत्येक मालिकेनंतर पाच पुंगळ्या वेचत होतो आणि वडील भिंग डोळ्याला लावून त्यांच्या कडा पाहत होते. शेवटच्या मालिकेनंतर मी ट्रिगरला पुन्हा १००० ग्रॅमचे वजन अडकवून उचलले. ते उचलले गेले. वडिलांनी साठावी पुंगळी उन्हाकडे धरून फिरवली आणि म्हणाले, “ही बी खोल हाय.”