तुम्ही विचारलंत म्हणून: जॅक्सन वॉर्डमधलं जुनं घर

व्हर्जिनियातल्या रिचमंडला राहायला आलेले मराठी लोक हमखास विचारतात, ‘जॅक्सन वॉर्डातलं जुनं घर घेऊन दुरुस्त करावं का? करात सवलत मिळते म्हणे.’ मिळते, पण कामाचा क्रम चुकला की हातची जाते.

ही कृष्णवर्णीयांची जुनी, नावाजलेली वस्ती. कृष्णवर्णीय उद्योजिका मॅगी वॉकर यांनी 1903 मध्ये इथेच बँक काढली. 1950 च्या दशकात महामार्गाने वॉर्डाचे दोन तुकडे केले, शेकडो घरं पाडली. म्हणून उरलेल्याची राखण कडक आहे, आणि ती असावीच.

स्वतः राहणार असाल तर व्हर्जिनिया राज्य मान्य खर्चाच्या 25 टक्के क्रेडिट, म्हणजे देय करातून थेट वजावट, देतं. त्यासाठी खर्च इमारतीच्या कामाआधीच्या करमूल्याच्या (करासाठी ठरवलेल्या किमतीच्या) निदान 25 टक्के हवा. भाड्याने द्यायचं तर हीच अट 50 टक्क्यांची, पण मग केंद्र सरकारच्या 20 टक्के क्रेडिटसाठीही अर्ज करता येतो. अर्जाचे भाग तीन. दुसऱ्यात नियोजित काम फोटोंसह मांडायचं; तो मंजूर होण्याआधी हातोडा उचलला तर जोखीम तुमची. शहराची समिती रस्त्यावरून दिसणारं बाहेरचं काम पाहते, राज्याचं खातं आतला जिना आणि गिलावाही. विटा छान दिसतात म्हणून आतला गिलावा खरवडणारे इथेच अडकतात.

सर्वाधिक नुकसान मात्र सिमेंट करतं. एकोणिसाव्या शतकातली वीट मऊ आणि दरजा, म्हणजे विटांमधले सांधे, चुन्याच्या. ओल त्या दरजांतून बाहेर पडते. तिथे सिमेंट भरलं की ओल विटेतच कोंडते, थंडीत गोठते आणि विटेचे पापुद्रे सुटतात. दरजा भरायला भिजवलेला चुना एक भाग, वाळू तीन भाग घ्या. दरजेच्या रुंदीच्या अडीचपट खोल जुना माल हाताने, छिन्नीने काढा. ग्राइंडरने विटेच्या कडा जातात. पाव-पाव इंचाचे थर द्या आणि ओल्या गोणपाटाखाली काही दिवस ठेवा. पारा 40 फॅरनहाइटखाली जाणार असेल तर थांबा. चुना येत नसलेला गवंडी स्वस्तात मिळाला तरी महागच पडतो.

आणखी एक. पैसे आधी तुम्ही घालायचे, क्रेडिट काम संपल्यावर, तेही देय करातूनच वळतं होतं. राज्याचं उरलेलं क्रेडिट 10 वर्षं पुढे नेता येतं. म्हणजे पगारदाराची सोय. पेन्शनवरच्या शेजारणीला त्याचा फारसा उपयोग नाही, उलट आजूबाजूची घरं सजली की तिच्या घराचं करमूल्य वाढतं. वृद्ध आणि अपंग घरमालकांसाठी शहराची वेगळी करसवलत आहे, पण ती आपोआप लागत नाही. अर्ज करावा लागतो.