ग्रेव्हेच्या वरचे गाव

आज सकाळी आम्ही इटलीत, टस्कनीतल्या ग्रेव्हेहून वरच्या मोंतेफिओराल्ले या गावाला चालत गेलो. चढ खडा असला तरी अंतर फार नाही, त्यामुळे अमृता पुढे आणि मी मागे, असे सावकाश निघालो. द्राक्षांची तोडणी केव्हाच आटोपली आहे. सांजोवेझे जातीच्या द्राक्षवेलींवर आता पिवळी-तांबडी पाने तेवढी उरली आहेत. ऑलिव्हची काढणी मात्र ऐन भरात आहे. झाडांखाली जाळी अंथरायची आणि हातातल्या फणीने फांद्या ओरबाडून फळे जाळीवर पाडायची, असे काम चालले होते.

एका बांधापाशी थांबून मी सहज म्हटले, केवढी जुनी झाडे असतील ही! अमृताने ते तिथल्या गृहस्थांना सांगितले. त्यांनी मान हलवली आणि बुंध्याकडे बोट दाखवले. मुळे माझ्या पणजोबांच्या वेळची असतील, पण झाडे माझ्याहून धाकटी आहेत, असे ते म्हणाले. तेव्हा मला दिसले की एकाच जागेतून तीन-तीन, चार-चार खोडे वर आली आहेत. 1985च्या जानेवारीत फ्लॉरेन्सजवळ पारा उणे 23 अंशांपर्यंत उतरला आणि टस्कनीतली बहुसंख्य ऑलिव्हची झाडे जमिनीवरच्या भागात मरून गेली. साली फाटल्या, पाने करपली. मार्चमध्येच शेजाऱ्यांनी झाडे जमिनीलगत कापायला घेतली. यांच्या वडिलांनी मात्र करवतीला हात लावू दिला नाही. वरून एखादी फांदी फुटेल म्हणून ते जूनपर्यंत वाट पाहत राहिले, आणि एकही फांदी फुटली नाही. मग त्यांनी सगळी बाग स्वतः कापली आणि पुन्हा तिच्यात पाऊल टाकले नाही. मुळांतून आलेल्या कोंबांपैकी कोणते ठेवायचे आणि कोणते खुडायचे, हे या मुलाने ठरवले.

हे सांगताना त्यांचे हात क्षणभरही थांबले नव्हते. मला तेच लागून राहिले आहे. वडिलांची गोष्ट आहे, बागेची गोष्ट आहे, आणि इतक्या सहज सांगता येते?

पुढे गाव पाहिले. तटाच्या कडेने वळत जाणारी गल्ली, दर्यावर्दी अमेरिगो वेस्पुच्चीच्या घराण्याचे म्हणून दाखवतात ते घर आणि वर सान्तो स्तेफानोचे चर्च. बऱ्याच घरांच्या झडपा बंद होत्या. या डोंगरांवर पूर्वी अर्धेलीने जमीन कसणारी कुटुंबे राहत. निम्मे पीक मालकाचे, निम्मे त्यांचे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांत ती मोठ्या संख्येने शहरांकडे आणि कारखान्यांकडे गेली, आणि 1964च्या कायद्याने तसे नवे करारही बंद झाले. तोवर एकाच शेतात मेपलच्या झाडांवर चढवलेले वेल, मध्ये ऑलिव्ह आणि खाली गहू अशी मिसळ असे. ज्या सरळ, देखण्या ओळींचे आम्ही फोटो काढत होतो, त्या बहुतेक माणसे निघून गेल्यानंतरच्या आहेत. दादाचे वाक्य आठवले : आता गावाकडे राहणार कोण?

त्याच्या निरोपाला मी अजून उत्तर दिलेले नाही. गावाकडच्या घराचे काय करायचे ते तूच ठरव, असे तो लिहितो, आणि ठरवून मोकळे होण्याची घाईही त्यालाच असते. आईच्या वेळीही शेवटचा शब्द माझ्याकडून घेतला गेला. वहिनी तेव्हा जे म्हणाल्या, ते इथे लिहीत नाही. करवत प्रत्येक वेळी माझ्याच हाती का द्यावी, हा प्रश्न उतरणीच्या वाटेवर मी इतक्या वेळा स्वतःला विचारला की अमृताने दोनदा मागे वळून पाहिले.

दुपारी खाली येऊन नव्या तेलात बुडवलेला पाव खाल्ला. हिरव्या, न पिकलेल्या फळांचे हे तेल घशाशी चांगलेच झोंबते. खाता खाता अमृताला विचारले, जूनमध्ये कापलेली झाडे मार्चमधल्यांपेक्षा मागे पडली का? तिनेही त्यांना ते विचारले होते. काहीच फरक पडला नाही, असे ते म्हणाले होते. दोन्ही बागा आज सारख्याच फळतात.

म्हणजे थांबून झाडे वाचली नाहीत, आणि थांबल्यामुळे बिघडलेही काही नाही. ते तीन महिने त्या वडिलांना स्वतःसाठी हवे होते. मुलाला हे ठाऊक असावे, म्हणूनच त्याला ते काम करता करता सांगता येत असेल. हे मी दुपारपासून उलटसुलट करून पाहते आहे, आणि दर वेळी मला ते खरेच वाटते.

दादाला उद्या लिहीन. विक्रीला माझी ना नाही, कागद तयार करून ठेव. पण सही मी मे महिन्यात तिथे येऊन, काही दिवस घरात राहून, मगच करीन. त्याला हे पटणार नाही, वहिनींना तर मुळीच नाही. घेणारा तोवर थांबला नाही, तर दुसरा पाहावा लागेल.