गेटवेसाठी दहा गिगाबिटचे कार्ड निवडताना

कुंडई येथील औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्याचे नेटवर्क मी गेली नऊ वर्षे सांभाळतो. यंदा चतुर्थीच्या सुट्टीत कारखाना पाच दिवस बंद होता, तेव्हा सुरक्षा गेटवेला (नेटवर्कची वाहतूक तपासून पुढे सोडणाऱ्या यंत्राला) दहा गिगाबिटची जोडणी देण्याचे काम हाती घेतले. खरेदीला मंजुरी मागताना व्यवस्थापनाने एक रास्त प्रश्न विचारला होता: इंटरनेटची लाइन ५०० मेगाबिटची असताना दहा गिगाबिट कशासाठी?

त्याचे उत्तर कारखान्याच्या आतच होते. कार्यालय, यंत्रांचे नियंत्रण, कॅमेरे आणि बॅकअप यांचे आम्ही वेगवेगळे व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे परस्परांपासून अलग ठेवलेले भाग) केले असून एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात जाणारे प्रत्येक पॅकेट गेटवेच्या फायरवॉलमधूनच जाते. रोज रात्री सुमारे १.२ टेराबाइटचा बॅकअप याच वाटेने जात असे आणि एक गिगाबिटच्या जोडणीवर तो पूर्ण व्हायला तीन तास लागत. त्या तीन तासांत रात्रपाळीतील लोकांची स्क्रीन वारंवार अडकून पडे. म्हणून इंटरनेटच्या दोन्ही लाइन मूळच्या गिगाबिट पोर्टवरच ठेवल्या आणि खर्च केला तो फक्त आतील जोडणीवर.

पोर्टचा वेग म्हणजे फायरवॉलचा वेग नव्हे, हे मात्र नेटवर्क कार्ड घेण्यापूर्वीच ध्यानात घेतले पाहिजे. दहा गिगाबिटची जोडणी ६४ बाइटच्या लहान पॅकेटांनी भरली तर सेकंदाला सुमारे १ कोटी ४८ लाख पॅकेटे येतात, आणि प्रत्येकासाठी नियम तपासण्याचे काम प्रोसेसरला करावे लागते. माहितीपत्रकातील मोठा आकडा बहुधा मोठ्या पॅकेटांवर मोजलेला असतो. घुसखोरी-तपासणी (पॅकेटांच्या आत हल्ल्याच्या खुणा शोधणे) चालू केली की तो बराच खाली येतो. आमचा गेटवे फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमवर आधारलेला असून साध्या सर्व्हरवर चालतो. तपासणी बंद ठेवून तो साडेपाच गिगाबिटपर्यंत पोहोचतो, चालू ठेवून दोनच्या आसपास. बॅकअपच्या ठरावीक दोन यंत्रांमधील वाहतूक आम्ही तपासणीतून वगळली आहे. आता तो बॅकअप पन्नास मिनिटांत होतो आणि अडसर उरला आहे तो डिस्कच्या वेगाचा.

कार्ड म्हणून इंटेलचे दोन पोर्टांचे एक्स-५२० निवडले. ते जुन्या पिढीचे आहे, पण ड्रायव्हर मुरलेला आहे आणि सर्व्हरमधून काढलेली कार्डे स्वस्तात मिळतात. स्लॉट मात्र नीट पाहावा. दिसायला आठ लेनचा (माहिती वाहून नेणाऱ्या आठ मार्गिकांचा) असलेला स्लॉट कित्येकदा आतून चारच लेनचा असतो. हे कार्ड पीसीआय एक्स्प्रेस या स्लॉट-मानकाच्या दुसऱ्या आवृत्तीचे असल्यामुळे चार लेनवर त्याला एका दिशेने १६ गिगाबिटच मिळतात, म्हणजे दोन्ही पोर्ट एकाच वेळी पूर्ण भरणार नाहीत. आम्हाला ते चालण्यासारखे होते. दुसरी गोष्ट उष्णतेची. ही कार्डे सर्व्हरच्या जोरदार हवेसाठी बनवलेली असतात. मे महिन्यात, वीज गेल्यावर वातानुकूलन बंद पडलेल्या खोलीत, छोट्या डेस्कटॉप पेटीत असे कार्ड टिकेल अशी अपेक्षा करू नये.

खरा पैसा वाचतो किंवा वाया जातो तो मॉड्यूलांमध्ये, म्हणजे कार्डाच्या पोर्टमध्ये बसवून केबल जोडायच्या छोट्या भागांमध्ये. रॅकमधल्या रॅकमध्ये स्विचपर्यंत जायला दोन मीटरची डॅक (थेट जोडायची तांब्याची) केबल पुरते. तिच्यात दोन्ही टोके जोडूनच येतात आणि ती वीजही नगण्य खाते. एका विक्रेत्याने तेथेही तांब्याच्या आरजे-४५ (नेहमीच्या नेटवर्क केबलच्या) जोडणीची एसएफपी प्लस (दहा गिगाबिटच्या पोर्टमध्ये बसणारी) मॉड्यूले सुचवली होती. ती महाग तर असतातच, शिवाय एकेक मॉड्यूल अडीच वॅटच्या आसपास वीज घेऊन चांगलेच तापते आणि बहुतेकांची मर्यादा तीस मीटरची असते.

गोदाम १८० मीटरवर आहे. तांब्याची शंभर मीटरची मर्यादा बाजूला ठेवली तरी तेथे फायबरच हवी होती, कारण मागे ऑक्टोबरच्या गडगडाटी पावसात दोन इमारतींमधील तांब्याच्या केबलवरून आलेल्या विजेने आमच्या स्विचचे दोन पोर्ट जळाले होते. मल्टिमोड या कमी अंतराच्या फायबरची एसआर (कमी पल्ल्याची) मॉड्यूले थोडी स्वस्त पडतात, पण तिची केबल महाग आणि तिच्या ओएम-३ या प्रकारावर पल्ला ३०० मीटरचा. आम्ही सिंगल मोड (लांब अंतराची फायबर) केबल आणि एलआर (लांब पल्ल्याच्या) मॉड्यूलांची जोडी घेतली. एलआरचा पल्ला दहा किलोमीटरचा आहे, तरी इतक्या कमी अंतरावर प्रकाश कमी करणारा अॅटेन्युएटर लावावा लागत नाही.

एक्स-५२० आपल्या ओळखीच्या नसलेल्या ऑप्टिकल मॉड्यूलला मुळात स्वीकारत नाही. ड्रायव्हरमधील एका सेटिंगने ही अट शिथिल होते, पण सिस्टीम नव्याने टाकताना ते सेटिंग कोणी विसरले तर गोदाम बंद पडेल. म्हणून एका टोकाला इंटेलसाठी आणि दुसऱ्या टोकाला आमच्या स्विचसाठी कोड केलेली (त्या त्या उपकरणाला ओळखीची वाटतील अशी), तिसऱ्या उत्पादकाची मॉड्यूले मागवली. मूळ कंपनीच्या मॉड्यूलांच्या किमतीपेक्षा ती कितीतरी स्वस्त पडली. देखभाल-करार असलेल्या तयार फायरवॉलमध्ये अशी मॉड्यूले घालण्यापूर्वी करारातील अटी वाचणे आवश्यक आहे.

जोडणी केली त्या संध्याकाळी पोर्टचा दिवा लागला, पण त्रुटींचा आकडा वाढत होता. मॉड्यूलमधील निदान-नोंदी पाहिल्या तेव्हा गोदामाकडून येणाऱ्या प्रकाशाची पातळी उणे १३.६ डीबीएम दिसली (डीबीएम हे शक्तीचे एकक, उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश क्षीण). एलआरची खालची मर्यादा उणे १४.४ आहे. मॉड्यूल सदोष आहे असे ठरवून परत पाठवण्याच्या बेतात मी होतो. त्याआधी पॅच कॉर्ड काढून एलसी कनेक्टरचे (फायबरच्या जोडाचे) टोक क्लिक-पेनने, म्हणजे फायबरची टोके साफ करायच्या पेनासारख्या साधनाने, दोनदा पुसले. पावसाळाभर टोपीविना लटकत राहिलेले ते टोक होते. पुन्हा जोडल्यावर पातळी उणे ३.२ वर आली आणि त्रुटींचा आकडा जागीच थांबला. (टोक साफ करताना दुसरी बाजू जोडलेली नाही याची खात्री करावी, हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, इजा मात्र करू शकतो.)

राखीव म्हणून घेतलेली एलआरची जोडी टोप्या लावून, सिलिका जेलच्या पुडीसह, हवाबंद डब्यात ठेवली आहे आणि डब्यावर कोणते मॉड्यूल कोणत्या टोकाचे ते लिहून चिकटवले आहे.