अंगठी काढ, पुम्पिदोनं सांगितलंय

आमच्या ग्राउंडवर गोलकीपरच्या पोरांना सकाळी पहिली सूचना बोटांची असते. अंगठी काढ. मग हातातलं कडं, मग मनगटावरचे धागेदोरे. परवा एक जण साखरपुडा होऊन आलेला. सोन्याची अंगठी काढायला तयारच होईना. "सर, घरात विचारतील." म्हटलं, घरात सांग, नेरी पुम्पिदोनं काढायला लावली. "हा कोण?"

आता काय बोलायचं! कोल्हापुरातली पोरं. वर्ल्ड कप आला की पेठेपेठेत अर्जेंटिनाचे झेंडे, मेस्सीचे कटआउट, एमिलियानो मार्तिनेझनं २०२२ च्या फायनलमध्ये शेवटच्या मिनिटाला पाय कसा घातला ते सगळं तोंडपाठ. पण अर्जेंटिनाला वर्ल्ड कप जिंकून देणारे गोलकीपर तीनच आहेत: १९७८ चा फियोल, १९८६ चा पुम्पिदो आणि हा मार्तिनेझ. पहिला यांच्या आज्याच्या वेळचा, ते समजू शकतो. मधला मात्र माझ्या वेळचा आहे, आणि त्याला विसरलेलं मला खपत नाही.

अंगठीची गोष्ट आधी संपवतो. पुम्पिदो तेव्हा ब्युनोस आयर्सच्या रिव्हर प्लेट क्लबचा गोलकीपर. वर्ल्ड कप जिंकून वर्षही झालं नव्हतं. १९८७ साली सरावात उडी मारली आणि बोटातली लग्नाची अंगठी वर गोलच्या जाळीच्या हुकात अडकली. अंग खाली आलं, बोट वर राहिलं. डॉक्टरांनी ते परत जोडलं आणि हा माणूस हातमोजे घालून परत गोलमध्ये उभा राहिला. ऐकल्यावर त्या पोरानं अंगठी काढून बुटात ठेवली.

पुम्पिदो सांता फे प्रांतातल्या मोंते वेरा या गावचा, जन्म १९५७ चा. उनिओन दे सांता फेमध्ये खेळायला लागला, मग वेलेस, मग रिव्हर. १९८२ च्या वर्ल्ड कपला तो संघाबरोबर स्पेनला गेला होता, पण खेळला फियोल. फियोल म्हणजे अर्जेंटिनात देवघरातला फोटो. बिलार्दो कोच झाल्यावरही क्वालिफायरमध्ये फियोलच होता. आणि १९८६ ला मेक्सिकोला जाताना बिलार्दोनं त्यालाच घरी ठेवला! पुम्पिदोच्या पाठीवर १८ नंबर आणि डोक्यावर हे ओझं. सातही मॅच तोच खेळला. गोल खाल्ले पाच: कोरियाचा एक, इटलीच्या आल्तोबेल्लीची पेनल्टी, इंग्लंडच्या लिनेकरचा एक आणि फायनलमध्ये पश्चिम जर्मनीचे दोन. बल्गेरिया, उरुग्वे आणि सेमी फायनलला बेल्जियम यांना काहीच मिळालं नाही.

हे आकडे कुणी सांगत नाही, कारण त्या वर्ल्ड कपमध्ये दुसरीकडे मॅराडोना होता. इंग्लंडच्या मॅचमध्ये सगळं जग एका गोलपोस्टकडे बघत होतं, पुम्पिदो दुसऱ्या टोकाला. त्याच मॅचच्या शेवटी शेवटी लिनेकरनं २-१ केलं आणि थोड्याच वेळात डावीकडून बार्न्सचा क्रॉस परत तसाच आला. लिनेकर गोलरेषेजवळ डोकं घालायला आलेला. पुम्पिदोच्या हाताबाहेरचा चेंडू. तिथं हुलिओ ओलार्तिकोचेआनं कुठून तरी मान घातली आणि चेंडू बाहेर काढला. मॅराडोनानं त्याच मॅचमध्ये हातानं घातलेल्या गोलला ‘देवाचा हात’ म्हणतात, त्या चालीवर अर्जेंटिनात याला ‘देवाची मान’ म्हणतात. हे नाव लक्षात ठेवा, ओलार्तिकोचेआ.

१९८६ हे वर्ष एखाद्या गोलकीपरला यावं तरी किती चांगलं यावं! जूनमध्ये वर्ल्ड कप. ऑक्टोबरमध्ये रिव्हरनं आमेरिका दे कालीला दोन्ही फायनलमध्ये हरवून आपली पहिली कोपा लिबेर्तादोरेस, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांचा सगळ्यात मोठा कप, घेतली. डिसेंबरमध्ये टोकियोला युरोपच्या विजेत्या स्टेआउआ बुखारेस्टवर १-० आणि इंटरकॉन्टिनेन्टल कप. तिन्हीकडे गोलमध्ये हाच. आणि पुढच्याच वर्षी ती अंगठी.

मग आलं १९९०. माझ्या वयाच्या माणसाला पुम्पिदो म्हटलं की एकच गोष्ट आठवते. दूरदर्शनवर उद्घाटनाची मॅच, मिलान, समोर कॅमेरून. आमच्या गल्लीतल्या टीव्हीसमोर माणसं दारापर्यंत. कॅमेरूनचा एक माणूस रेड कार्डवर बाहेर गेलेला, म्हणजे आता गोल अर्जेंटिनाचाच होणार असं धरून सगळे बसलेले. ६७ व्या मिनिटाला ओमाम-बियिक असा काही उडाला की बचाववाले त्याच्या कमरेला. हेडरमध्ये जोर नव्हता, दिशाही सरळ. पुम्पिदो खाली बसला, चेंडूला हात लागले, आणि चेंडू आत. जिंकणाऱ्या संघाचा गोलकीपर होता चार वर्षांपूर्वी, त्या रात्री गल्लीत त्याला ज्या शिव्या मिळाल्या त्या लिहायच्या नाहीत. मी तेव्हा तालमीच्या बारक्या पोरांत गोल सांभाळायचो. मीच एकटा गप्प होतो. असा चेंडू काय असतो ते गोलमध्ये उभं राहिल्याशिवाय कळत नाही. कठीण चेंडूला शरीर आपोआप जातं. सोप्या चेंडूला विचार करायला वेळ मिळतो, आणि तिथंच माती होते.

बिलार्दोनं पुढच्या मॅचला जवळपास निम्मा संघ बदलला. पुम्पिदोला नाही बदललं. १३ जून, नेपल्स, समोर सोव्हिएत युनियन. त्या बदलांतूनच ओलार्तिकोचेआ आत आला होता. दहा-अकरा मिनिटं झाली असतील, एका चेंडूसाठी पुम्पिदो पुढं धावला, ओलार्तिकोचेआही त्याच चेंडूला आला, आणि दोघं एकमेकांवर आदळले. पुम्पिदोचा पाय मोडला. चार वर्षांपूर्वी मान घालून ज्यानं त्याचा गोल वाचवला, त्याच्याच पायाला लागून याचं वर्ल्ड कपचं खेळणं संपलं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. सर्जिओ गोयकोचेआ आत आला. हा गोयकोचेआ रिव्हरमध्ये पुम्पिदोच्याच मागं राखीव म्हणून वर्षानुवर्षं बसलेला. युगोस्लाव्हियाशी पेनल्टी, मग इटलीशी त्यांच्याच देशात पेनल्टी, दोन्ही शूटआउट त्यानं काढले आणि एका महिन्यात देशाचा लाडका झाला. १९८६ ला पुम्पिदोच्या वाट्याला एकही शूटआउट आला नव्हता. १९९० ला आले, तेव्हा हा प्लास्टरमध्ये.

आता मला ज्या माणसाबद्दल लिहायचंय तो इथून पुढचा. खेळणं संपल्यावर गोलकीपरचं काय होतं बघा. क्लब त्याला ‘गोलकीपर कोच’ करून टाकतो. कोपऱ्यात दोन गोलपोस्ट, चार चेंडू, तीन पोरं. फियोलनं बरीच वर्षं तेच केलं. १९९८ ला इंग्लंडविरुद्ध पेनल्टी अडवणारा कार्लोस रोआ पुढं त्याच कामाला लागला. हेर्मान बुर्गोस वर्षानुवर्षं अॅटलेटिको माद्रिदचा कोच सिमिओनेचा मदतनीस होता. मीही कोपऱ्यातलाच, त्यामुळं तक्रार म्हणून नाही सांगत. पण मुख्य कोच म्हणून अख्खा संघ गोलकीपरच्या हाती द्यायला क्लबवाले कचरतात, हे खरं आहे. पुम्पिदो आधी आपल्या उनिओनचा मुख्य कोच झाला आणि मग पॅराग्वेला गेला, असुन्सिओनच्या ओलिम्पियाला.

ओलिम्पिया स्थापन झाला २५ जुलै १९०२ ला. म्हणजे २००२ हे शंभरावं वर्ष. क्लबला त्याच वर्षी लिबेर्तादोरेस हवी होती. असल्या हट्टापायी किती कोचांची डोकी उडाली असतील! पुम्पिदोचा संघ क्वार्टर फायनलमध्ये बोका ज्युनियर्ससमोर आला. बोकाच्या बॉम्बोनेरा मैदानावर १-१, घरी १-०, बोका बाहेर. बोका म्हणजे रिव्हरचा जन्माचा वैरी, रिव्हरच्या जुन्या गोलकीपरला याहून गोड काय असणार. सेमी फायनलला ब्राझीलचा ग्रेमियो: घरी ३-२, तिकडं ०-१, बरोबरी, आणि पेनल्टी. ५-४ नं ओलिम्पिया पुढं.

फायनलला साओ काएतानो. ब्राझीलच्या साओ पाउलोजवळचा, १९८९ ला सुरू झालेला क्लब. शंभर वर्षांच्या म्हाताऱ्यासमोर बारा वर्षांचं पोरगं. पहिली फायनल असुन्सिओनला २४ जुलैला, शतकाच्या आदल्या रात्री. आणि ओलिम्पिया घरच्या मैदानावर ०-१ हरला! दुसऱ्या दिवशी वाढदिवस. तो केक कसा गेला असेल गळ्याखाली?

३१ जुलैला पाकाएम्बू स्टेडियमवर दुसरी मॅच. पहिल्या हाफमध्ये आयल्तोननं गोल केला, म्हणजे दोन्ही मॅच मिळून ०-२. इथं निम्मे संघ बसतात. हाफ टाइमनंतर लगेच कोर्दोबाचा गोल, दहा मिनिटांत रिचार्त बाएसचा. २-१. एकूण बरोबरी. पुन्हा पेनल्टी.

मला त्या वेळचा पुम्पिदो बघायला आवडतो, म्हणजे मनात. कोचला हातमोजे नसतात. त्याचा गोलकीपर होता रिकार्दो तावारेल्ली. हाही सावलीतला माणूस. पॅराग्वेच्या राष्ट्रीय संघात चिलावेर्त असेपर्यंत याला कोण विचारणार? त्याच वर्षी वर्ल्ड कपला पहिली मॅच याला मिळाली ती चिलावेर्तवर बंदी होती म्हणून. तर पेनल्टीला उभा तावारेल्ली, आणि बाजूला उभा ज्याचे दोन्ही शूटआउट नशिबानं काढून घेतले होते तो. ओलिम्पियाच्या चारही पेनल्टी गेल्या, साओ काएतानोच्या दोन हुकल्या. ४-२. शतकाचा कप सहा दिवस उशिरा, पण आला.

लिबेर्तादोरेस खेळाडू म्हणूनही जिंकली आणि कोच म्हणूनही, अशी माणसं बोटांवर मोजण्याइतकी आहेत. त्यात विंगर आहेत, बचावपटू आहेत, हल्लीचे गाय्यार्दो आणि रेनातो गाउचो आहेत. गोलकीपर एकच.

डिसेंबरमध्ये तो इंटरकॉन्टिनेन्टल कपसाठी पुन्हा जपानला गेला, या वेळी योकोहामाला. समोर रेआल माद्रिद, ब्राझीलच्या रोनाल्डोवाली. ०-२ हरले, त्यात लाज नाही. त्यानंतर मेक्सिकोत तिग्रेस, मग न्यूवेल्स, मग काही वर्षांनी परत ओलिम्पिया, अजून एक-दोन क्लब. २००२ सारखं काही पुन्हा झालं नाही. माझा एक मित्र म्हणतो, एका कपवर कोच मोठा होत नाही. असेल. बोका, ग्रेमियो आणि घरच्या मैदानावर हरलेली फायनल, एवढं एका वर्षात पचवून दाखवणारा दुसरा गोलकीपर त्यानं मला दाखवावा, मग आपण रंकाळ्यावर बसून बोलू. भेळेचे पैसे माझे.