जिवंत माणसाचा मृत्युलेख

६ मे २०२१. मालेमध्ये मोहम्मद नशीद यांच्या घराबाहेर स्फोट झाल्याची पहिली ओळ एजन्सीवर पडली, तेव्हा आमच्याकडे नऊ वाजून गेले होते आणि डाक आवृत्तीची पानं सुटत होती. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेचे दिवस. देशात रोज चार लाखांच्या वर रुग्ण सापडत होते, पेपर रोडावला होता आणि परदेशच्या बातम्यांना आत कुठेतरी अर्धं पान उरलं होतं. मोटारसायकलला लावलेला बॉम्ब, गाडीत बसताना स्फोट, मालदीवचे माजी अध्यक्ष आणि विद्यमान सभापती जखमी. सिंगल कॉलम लावून मोकळा झालो.

तेवढ्यात वृत्तसंपादक खुर्चीतूनच ओरडले, "ऑबिट करून ठेव त्याचं. शहर आवृत्तीच्या आधी."

बाहेरच्यांना हे जरा विचित्र वाटतं. वयस्कर नेते, गायिका, नट यांचे मृत्युलेख ते धडधाकट असतानाच फोल्डरमध्ये तयार असतात. पहिल्या वाक्यात तारीख आणि ठिकाणाच्या जागी फुल्या मारून ठेवायच्या, बाकी मजकूर पक्का. पण नशीद जेमतेम ५३ वर्षांचे. त्यांचं कोण कशाला करून ठेवेल? आणि एजन्सीच्या प्रत्येक बातमीखाली त्याच चार ओळी चिकटवलेल्या: लोकशाही मार्गाने निवडून आलेले पहिले अध्यक्ष, हवामान बदलाविरुद्ध लढणारे नेते. त्या तशाच उचलून 'विशेष प्रतिनिधी' म्हणून खपवणारे आमच्याकडे काही कमी नाहीत.

मी जुन्या बातम्या उपसायला बसलो. इंग्लंडमध्ये शिकून आलेला तरुण पत्रकार, तेव्हाचे अध्यक्ष गयूम यांच्या राजवटीवर लिहितो म्हणून वारंवार तुरुंगात. १९९१ मध्ये अ‍ॅम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेने त्यांना सदसद्विवेकबुद्धीचा कैदी म्हटलं. मग परागंदा होऊन २००३ मध्ये कोलंबोतून पक्ष उभारला, २००५ मध्ये परतले आणि २००८ मध्ये थेट गयूमना हरवलं, तेही ३० वर्षं गादीवर बसलेल्या माणसाला. पहिल्या फेरीत नशीदना पडली होती चौथा हिस्सा मतं. दुसऱ्या फेरीत बाकीचे विरोधक मागे उभे राहिले म्हणून ५४ टक्के झाले. ही मदत किती उसनी होती, ते लवकरच कळलं. संसदेत बहुमत नाही आणि न्यायाधीश सगळे जुन्या काळातले.

इथपर्यंत लेख सरळ चालला होता. पुढे फौजदारी न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश अब्दुल्ला मोहम्मद यांचं प्रकरण आलं. जानेवारी २०१२ मध्ये नशीद सरकारने त्यांना लष्कराकरवी उचललं. न्यायाधीश गयूम गटाला सांभाळून घेतात, असा आरोप होता आणि तो अगदीच हवेतला नव्हता. पण उचललं ते उचललंच. निदर्शनं झाली, पोलीस उलटले आणि ७ फेब्रुवारीला नशीद यांनी राजीनामा दिला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, बंदुकीच्या धाकावर घेतला. चौकशी आयोगाला बंड दिसलं नाही.

न्यायाधीशांना ठेवलं कुठे, हे पाहताना मला नाव सापडलं: गिरिफुशी. लष्कराचं प्रशिक्षण केंद्र असलेलं बेट. नाव ओळखीचं वाटलं म्हणून फोटोंच्या फोल्डरमध्ये गेलो. १७ ऑक्टोबर २००९ चा तो जगभर छापून आलेला फोटो: समुद्राच्या तळाशी टेबलं मांडलेली, पाठीवर सिलिंडर, तोंडावर मुखवटे लावून बसलेलं मंत्रिमंडळ आणि नशीद कोपनहेगनच्या हवामान परिषदेसाठीच्या आवाहनावर सही करताहेत. फोटोखालच्या ओळीत लिहिलं होतं, गिरिफुशीजवळ, सुमारे २० फूट खाली.

म्हणजे ज्या बेटाच्या पाण्यात बसून या माणसाने जगाला हाक दिली, त्याच बेटावर सव्वादोन वर्षांनी त्याच्याच सैन्याने एका न्यायाधीशाला डांबलं. एजन्सीच्या कॉपीत हे कुठेच नव्हतं. मी परिच्छेद केला आणि लेखाच्या मध्यावर ठेवला. सांगतो, त्या रात्री मी खूश होतो.

पान लावणाऱ्याने फोटो अर्थातच पाण्याखालचा घेतला. माझं म्हणणं होतं, २०१५ चा घ्या. पोलीस कोर्टाच्या दारात फरफटत नेताहेत, सदरा फाटलाय. खटला त्याच न्यायाधीशाच्या अटकेचा होता, लावला दहशतवादाचा कायदा आणि शिक्षा १३ वर्षं. "निळा रंग पानावर उठून दिसतो," म्हणाला. मुखवट्यात माणूस ओळखू येत नाही, याचं त्याला काही नाही. महिन्यापूर्वीच नटनट्यांच्या मालदीव सुट्ट्यांवर आम्ही निळीशार पानंच्या पानं सोडली होती, तीच सवय.

वृत्तसंपादकांनी लेख वरून खाली पाहिला आणि गिरिफुशीचा परिच्छेद काढून टाकला.

"गेलेल्या माणसाच्या पानावर कोर्टकचेऱ्या कशाला?"

"सर, अजून गेलेले नाहीत."

"मग जातील तेव्हा बघू. जागाही नाही."

नशीद गेले नाहीतच. डोकं, छाती, पोट, हातपाय, सगळीकडच्या जखमांवर मिळून १६ तास शस्त्रक्रिया झाल्या. आठवड्याभरात त्यांना जर्मनीला नेलं आणि ते परत येऊन सभापतींच्या खुर्चीवर बसले. लेख फोल्डरमध्ये राहिला आणि माझ्या गळ्यात पडला, कारण केला त्याने अद्ययावत ठेवायचा असा अलिखित नियम आहे.

ठेवतोय. सोलिह, बालमित्र, २०१८ मध्ये अध्यक्ष झाले म्हणून नशीद परदेशातून घरी येऊ शकले, आणि त्यांच्याशीच पुढे फाटलं. २०२३ मध्ये पक्षांतर्गत निवडणुकीत हरल्यावर स्वतः उभारलेल्या पक्षातून बाहेर पडले. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत नव्या पक्षाच्या उमेदवाराला जेमतेम सात टक्के मतं पडली, सोलिह हरले, मुइझ्झू आले. आमच्याकडे सगळ्यांना मुइझ्झूंचा भारतविरोध तेवढा आठवतो. घर आतून कसं फुटलं, ते छापायला जागा नसते.

हे सगळं लिहिताना न्यायाधीशांची गोष्ट वगळली, तर नशीद कायम दुसऱ्यांच्या अन्यायाचे बळी दिसतात. ती वर घेतली, तर आधीची तुरुंगातली वर्षं ढोंग वाटायला लागतात, आणि ती ढोंग नव्हती. २०१५ चा खटलाही न्यायाचा नव्हता. संयुक्त राष्ट्रांच्या गटाने ती कैद मनमानी ठरवली आणि पुढे मालदीवच्या सर्वोच्च न्यायालयानेही शिक्षा रद्द केली.

ते वृत्तसंपादक आता निवृत्त झालेत. गिरिफुशीचा परिच्छेद मी परत घातलाय. राजीनाम्याच्या आधी ठेवायचा की १३ वर्षांच्या शिक्षेनंतर, एवढं मात्र दर वेळी फाइल उघडली की बदलतो.