ताईचा कोनाडा

आमच्या घरात या उन्हाळ्यापासून एक नियम लागू आहे. पडवीच्या भिंतीतील वरच्या कोनाड्यात जे ठेवले असेल ते फक्त ताईचे. धाकट्याने कितीही आकांत मांडला तरी तिने ते द्यायचे नाही आणि आम्हीही मागायचे नाही. घर गुहागरजवळचे, जुने, जांभ्या चिऱ्यांचे, त्यामुळे भिंती जाड आणि कोनाड्यांना तोटा नाही. लेक सात वर्षांची आहे, मुलगा दीड वर्षाचा.

निमित्त झाले काजूच्या बियांचे. उन्हाळ्यात आमच्याकडची मुले बियांचा डाव मांडतात. मांडलेल्या बिया लांबून नेम धरून उडवायच्या आणि जिंकलेल्या खिशात टाकायच्या. नेमासाठी हातात नीट बसणारी टपोरी बी पारखून ठेवलेली असते, ती सख्ख्या मैत्रिणीलाही उसनी मिळत नाही. धाकट्याला मात्र सध्या जग तोंडानेच कळते. बीच्या टरफलातला तेलकट चीक ओठांना लागला तर भाजल्यासारखे फोड येतात, आणि बी घशात अडकण्याची धास्ती वेगळीच. त्यामुळे ‘दे गं त्याला, रडतोय तो’ हे वाक्य इथे चालणारच नव्हते. बिया त्याला मुळीच द्यायच्या नाहीत असे बजावताच लेकीने विचारले, “मग माझी बाहुली का द्यायची?”

प्रश्न बिनतोड होता. बाहुलीही कोनाड्यात गेली.

दीड वर्षाच्या मुलाला वाटून घेणे समजत नाही, आणि ते समजेपर्यंतची सगळी समजूत सात वर्षांच्या मुलीने दाखवावी हा हिशेब मला पटत नाही. अमेरिकी संशोधिका मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ साली मुलांच्या खेळाचे जे प्रकार मांडले, त्यांत ‘समांतर खेळ’ हा एक आहे: मुले शेजारी बसतात, सारख्याच वस्तू हाताळतात, पण खेळतात आपापले. पावसाने पडवीत कोंडले की आमच्याकडे हेच चालते. ताई करवंटीत वाळू दाबून मुदी पाडते. तो दुसरी करवंटी रिकामीच उपडी करतो, खाली काही निघाले नाही तरी तिच्यासारखाच वर तळहाताने थोपटतो आणि तिच्याकडे बघतो. ती करवंटी त्याला तिनेच, न सांगता दिलेली असते. आपले काय ते सुरक्षित असल्याची खात्री पटल्यापासून तिचा हात सैल झाला आहे, असे मला वाटते.

सासूबाईंना हे मान्य नव्हते. “भावंडांत कसलं आलंय तुझं-माझं?” असे त्या बरेच दिवस म्हणत होत्या. त्यांच्या पानाच्या डब्यातील अडकित्त्याला घरात कोणीही हात लावत नाही, हे लेकीनेच त्यांच्या नजरेस आणून दिले, तेव्हा त्या हसल्या आणि विषय तिथेच थांबला.

आता नवीच अडचण उभी राहिली आहे. धाकटा प्लास्टिकचे स्टूल ढकलत कोनाड्याखाली आणू लागला आहे आणि त्यावर एक गुडघा टेकवण्यापर्यंत त्याची मजल गेली आहे. आढ्याला शिंके टांगावे, असे सासूबाईंनीच सुचवले. लेकीने मान वर करून अंदाज घेतला आणि म्हणाली, “आजी, मग मला काढून कोण देणार?” वाटाघाटी सुरू आहेत.