ब्रुटसच्या नाण्याची कड

लंडनमध्ये जुन्या रोमन नाण्यांची पारख करणं हे माझं काम. येणाऱ्या नकला बहुतेक ओतीव असतात. अक्षरं बोथट, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे. भिंग लावलं की कळतं. त्या दिवशी मात्र एका वयस्कर गृहस्थांनी आजोबांच्या संग्रहातलं नाणं पुढ्यात ठेवलं आणि मी हातातलं काम बाजूला सारलं.

एका बाजूला ब्रुटसचा चेहरा. दुसरीकडे दोन खंजीर, मधे मुक्त झालेल्या गुलामाची टोपी, खाली ‘ईद मार’, म्हणजे लॅटिनमध्ये १५ मार्च या तारखेचं संक्षिप्त नाव. इ.स.पू. ४४ मध्ये त्याच तारखेला ब्रुटस आणि त्याच्या साथीदारांनी रोमचा सत्ताधीश ज्युलियस सीझरचा खून केला. त्याचा उघड अभिमान मिरवायला ब्रुटसने हे नाणं पाडलं. इतिहासकार कॅसियस डिओने त्याचा उल्लेख केलाय. चांदीची अशी नाणी आज साधारण शंभरच माहीत आहेत.

भिंगाखाली अक्षरं धारदार. अस्सल नाणं ठोकून पाडलेलं असतं; ठोका बसताना धातू कडेकडे सरकतो, त्याच्या रेषाही जागच्या जागी. इतकं निर्दोष रूप पाहून माझा संशय उलट वाढला. अस्सल नाण्याचा साचा घेऊन त्यावर विजेने तांब्याचा पातळ थर चढवला, की मूळ नाण्याची रेघन्‌रेघ उतरते. अशा दोन टरफलांत शिसं भरून ती जोडतात आणि वर चांदीचा मुलामा देतात. हीच इलेक्ट्रोटाइप प्रत. मग चेहरा काहीच सांगत नाही. आवाजावरही माझा भरवसा नाही. काळाने ठिसूळ झालेली अस्सल चांदीसुद्धा बद्द वाजते.

म्हणून कड बघितली. कानशीचे आडवे ओरखडे, आणि एका जागी कानस पोचली नव्हती तिथे केसाएवढी सांधरेषा! संग्रहालयातल्या एका नाण्याच्या छायाचित्राशी ताडून पाहिलं, तर चित्र तितकंच एका बाजूला सरकलेलं, ओरखडासुद्धा तोच. हाताने पाडलेली दोन नाणी इतकी सारखी निघत नाहीत.

एकोणिसाव्या शतकात रॉबर्ट रेडी ब्रिटिश म्युझियममध्ये अशा प्रती अभ्यासकांसाठी करत आणि कडेवर ‘आर आर’ उमटवत. त्या कारागिरीबद्दल मला मनापासून आदर आहे. राग येतो तो अशा खुणा घासून टाकणाऱ्यांचा.

गृहस्थ शांतपणे म्हणाले, “आजोबांना माहीत असेल का हो?”

त्याचं उत्तर नाण्यात नव्हतं, तसं मी त्यांना सांगितलं. ‘इलेक्ट्रोटाइप प्रत, कड कानशीने घासलेली’ अशी चिठ्ठी लिहून पाकिटात घातली. नाणं नातवंडांना द्याल तेव्हा हीही सोबत द्या, असं त्यांना आवर्जून सांगितलं.